किंमत तिसऱ्या पत्रात

रविवारी सकाळी सौंसरच्या बसमधून उतरून वंदना घराकडे आली, तेव्हा तिच्या काखेत साडीचं खोकं होतं. सरला गच्चीवर संत्र्याच्या साली पसरत होती. तिला वरूनच ते खोकं दिसलं आणि तिचं डोकं फिरलं. लग्न झालेली नणंद माहेरी येते ती साडी न्यायला, द्यायला नव्हे. वंदनाच्या लग्नाला तेरा वर्षं झाली होती आणि तेरा वर्षांत तिनं आणलेली ही पहिलीच साडी. म्हणजे खोकं धाकट्या जावेसाठी, आणि काल संध्याकाळी फोन करून ते आणायला लावलं मोरेश्वरनं, सरलाच्या नवऱ्यानं.

"आली बाप्पा, हे बी आली समजवायले," सरला सालींना म्हणाली. ऐकायला दुसरं होतंच कोण!

घरात काल संध्याकाळपासून शिमगा चालला होता. धाकटा दीर सुरेश सौंसरला कारकून होता. आठवडाभर तिकडे खोली घेऊन राहायचा, शनिवारी पांढुर्ण्याला यायचा. काल येताना त्यानं आपल्या खोलीच्या पत्त्यावर आलेला बायकोच्या नावाचा सरकारी लिफाफा आणला. छायाला सौंसरजवळच्या रामाकोन्याच्या प्राथमिक शाळेत शिक्षिकेची नेमणूक मिळाली होती. सोमवारी अकराच्या आत हजर व्हायचं, नाहीतर नेमणूक रद्द. छायानं कागद वाचला, लिफाफा उलटसुलट करून पाहिला, आणि पोळ्या लाटता लाटता सांगून टाकलं, "मी उद्या तीनच्या बसनं जाऊन राहिली. बेबीलेही नेऊन राहिली." तेव्हापासून घरात कुणी धड जेवलं नव्हतं. स्वयंपाक मात्र पुरता करावा लागला होता, आणि तो कुणाच्या गळ्यात पडला हे सांगायला नको.

आता घरातली एक सून मास्तरीण झाली तर कुणाचं काय अडतं? बोडख्यांच्या या घराचं सगळंच अडत होतं. सासऱ्यांनी सुरू केलेलं नारंगी उटणं त्यांच्या हयातीत पांढुर्ण्याच्या आठवडी बाजारात विकलं जाई, फार तर मोहगाव-बोरगावपर्यंत. ते गेल्यावर मोरेश्वरनं नागपूरच्या साप्ताहिकांत जाहिरात द्यायला सुरुवात केली: 'चेहऱ्याच्या रंगाबद्दल मोफत सल्ला. लिहा: सुशीलाताई, पांढुर्णा.' सुशीलाताई नावाची बाई या घरात कधी जन्मलीच नव्हती. छापखान्यात उभ्या उभ्या मोरेश्वरला जे नाव सुचलं ते त्यानं टाकलं. पत्रं मात्र खरी येऊ लागली, आणि त्यांना उत्तरं लिहायला बसवली बी.ए. झालेली नवी सून. त्याला आता आठ वर्षं झाली.

पहिल्या वर्षी डबे व्ही.पी.नं जायचे आणि निम्मे परत यायचे. पोस्टमन दारात उभा राहिला, पैसे देऊन डबा सोडवायची वेळ आली, की मंडळी घरात नसायची. मग छायानं तीन पत्रांची रीत बसवली. पहिल्या पत्रात उटण्याचं नावसुद्धा काढायचं नाही. नुसती विचारपूस, आणि तीही जोडकार्डावर. एका कार्डावर आपला मजकूर, जोडलेल्या कोऱ्या कार्डावर आपलाच पत्ता, म्हणजे समोरच्यानं फक्त चार ओळी खरडायच्या. दुसऱ्या पत्रात नमुन्याची फुकट पुडी आणि 'तुमच्याच तालुक्यातल्या दोघी वापरतात' अशी एक ओळ. किंमत तिसऱ्या पत्रात, अगदी शेवटी. तिच्याआधी लिहायचं, 'घ्यायलाच हवं असं नाही, या हंगामाच्या सालीचं थोडंच उरलं आहे म्हणून कळवलं.' ज्यानं दोनदा आपल्या हातानं उत्तर लिहिलं तो तिसऱ्या खेपेला डबा परत पाठवत नाही, असं छायाचं म्हणणं होतं. ते खरं निघालं. डबे परत येणं थांबलं, गच्ची बांधून झाली, मोरेश्वरच्या दारात स्कूटर आली.

घड्या घालायला, पुड्या बांधायला सगळं घर बसायचं. त्यामुळे ही पत्रं बोडख्यांच्या घरात लहानथोर सगळ्यांना आरतीसारखी पाठ होती. पाठ झालेलं तोंडून कधी निघून जातं ते माणसाला कळत नाही, आणि त्या रविवारी नेमकं तेच व्हायचं होतं.

वंदना सरळ छायाच्या खोलीत गेली. छाया ट्रंकेत बेबीचे फ्रॉक भरत होती. भाऊनं बजावलं होतं की आधी विषय काढायचा नाही, म्हणून वंदनानं काढला नाही. पलंगावर बसली, पायातली जोडवी फिरवत राहिली.

"कशी हायेस व छाया? कंबर दुखते म्हनत होती मागे."

"बरी आहे, ताई."

"आन बेबीचा खोकला?"

"गेला तो दिवाळीतच."

"तू वाळून गेली बाप्पा. खातेस का नाही काही?" मग माहेरची कशी आहेत, अमरावतीची मावशी कशी आहे, असं करत वंदना सगळ्या नातेवाइकांच्या दारावरून फिरून आली. आणि मग सहज आठवल्यासारखं खोकं पुढे सरकवलं. "हे अशीच आनली. तुह्या अंगावर शोभीन म्हनलं. काही कारन नाही."

छायानं झाकण उघडलं. मोरपिशी रंगाची साडी होती, काठ बारीक. खरंच सुंदर होती. तिनं बोटांनी पोत पाहिला आणि झाकण लावलं.

"आमच्या गल्लीत दोघी जनी होत्या नोकरीवाल्या," वंदना पुढे म्हणाली. "सौंसरातल्याच. दोघींनीही सोडून देल्ली. घरचं पाहावं का शाळेतले पोट्टे पाहावं? आता मजेत हायेत."

छायाच्या हातातला फ्रॉक तसाच राहिला. तिला हसू आलं आणि लगेच संतापही आला.

"ताई, विचारपूस झाली. फुकटची पुडी झाली. आता तालुक्यातल्या दोघीही आल्या. हे दुसरं पत्र झालं."

"कोनतं पत्र?"

वंदनाला खरोखरच कळलं नव्हतं. दर उन्हाळ्यात माहेरी आल्यावर याच पलंगावर बसून तिनं त्या पत्रांच्या शेकडो घड्या घातल्या होत्या. मग तिच्या डोक्यात उजेड पडला आणि कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"हे पाह्य छाया, तोंड सांभाळून बोल. मी साडी आनली आन तू मलेच पुडी म्हनतेस?"

"भाऊजींनी सांगितलं ना आणायले?"

"सांगितलं. पन रंग मी निवडला!" वंदना उठलीच. दुकानात अर्धा तास घालवून तिनं तो रंग निवडला होता, आणि सावळ्या छायाला तो खुलेल हे तिच्या मनात खरंच आलं होतं. आता ते कुणाला पटवणार? ती तणतणत स्वयंपाकघरात गेली. खोकं पलंगावरच राहिलं.

समोरच्या बैठकीत मोरेश्वर चिठ्ठी लिहीत होता. सकाळपासूनचा हा चौथा कागद. या घरात भासऱ्यानं, म्हणजे नवऱ्याच्या थोरल्या भावानं, धाकट्या भावाच्या बायकोशी समोरासमोर बोलायचं नसे. बाप बोलला नव्हता, आजा बोलला नव्हता, मोरेश्वरही बोलत नव्हता. धंदा मात्र दोघांना मिळून करायचा होता, म्हणून चिठ्ठ्या सुरू झाल्या. 'यवतमाळच्या बाईस दुसरे पत्र जाऊ द्यावे.' 'पुड्या संपल्या आहेत.' चिठ्ठ्या न्यायची सरला, आणायची सरला. आठ वर्षांत दोघांनी मिळून मुलुखभरच्या बायांशी गोड बोलणं केलं, एकमेकांशी एक शब्द नाही.

"सरला, ऐक जरा," त्यानं हाक मारली. सरला सालींचे हात पदराला पुसत आली. त्यानं घसा साफ करून वाचलं, "चिरंजीव सौभाग्यवती छायास अनेक आशीर्वाद. तुझी प्रकृती बरी असेल. कामाचा ताण फार पडतो, हे आम्ही जाणतो. नोकरी करूच नये असे आमचे म्हणणे नाही. निर्णय सर्वस्वी तुझा आहे. फक्त एक महिन्याची मुदत मागणारा अर्ज सोबत लिहून ठेवला आहे. त्यावर सही तेवढी करावी." त्यानं दुसरा कागद दाखवला. अर्ज अख्खा लिहिलेला, खाली सहीपुरती जागा आणि तिथे पेन्सिलीनं केलेली फुली. "कसं हाये?"

सरला त्याच्याकडे बघत राहिली. याला सांगावं तरी काय!

"तुमाले काही समजते का?"

"मतलब?"

"तिचंच पत्र तिलेच कायले पाठवता?"

"तिचं कसं? मी लिहिलं. तासभर बसून लिहिलं."

"तासभर बसून तिचंच उतरवलं. आशीर्वाद तेवढे तुमचे."

मोरेश्वरनं कागद पुन्हा वाचला. त्याला त्यात काही दिसलं नाही. चांगलं पत्र होतं, मऊ होतं, त्यात जबरदस्ती कुठेही नव्हती. त्याला आतून भीती वाटत होती, आणि तीच तेवढी त्या कागदावर नव्हती. छाया गेली तर पहिल्या पत्राची पहिली ओळसुद्धा आपल्याला सुचणार नाही, हे त्याला काल रात्रीच कळलं होतं.

"तू नेऊन दे फक्त," तो म्हणाला.

सरलानं नेऊन दिली. छायानं वाचली. सही न करता, मुदतीच्या अर्जासकट तिनं ती परत सरलाच्या हातात दिली. "बाई, भाऊजींना सांगा, हे पत्र कोणाले पाठवू नका. फुली पेन्सिलीची दिसली की माणूस सावध होतो." एवढं बोलून तिनं ट्रंकेला कडी घातली. सरलाला हसू आवरेना, आणि आपण नेमक्या कुणाच्या बाजूच्या हेही तिला समजेना. छाया गेली तर दोन्ही वेळचा स्वयंपाक आपल्याच माथी. म्हणजे छाया राहिलेलीच बरी. पण नवऱ्याचं ते पत्र पाहिल्यापासून तिचं राहणं पूर्वीइतकं बरं वाटत नव्हतं.

बारा वाजता सगळे मधल्या घरात जेवायला बसले. भिंतीला टेकून पुष्पाबाई बसल्या होत्या, या तिघा भावंडांच्या आई. कालपासून त्यांनी तोंडातून अवाक्षर काढलं नव्हतं. घरात ओरडायचा हक्क मोरेश्वरचा होता, पण शेवटचा शब्द आईंचा, आणि तो आपल्याच बाजूनं पडणार याची मोरेश्वरला खात्री होती. त्याला कारणही होतं. आईंना अक्षरओळख नव्हती. रोज दुपारी टपाल आलं की छाया त्यांच्याजवळ बसून आलेली पत्रं वाचून दाखवायची, आणि गावोगावच्या त्या पोरी आईंना आपल्या लेकींसारख्या माहीत झाल्या होत्या. कुणाची सावत्र आई, कुणाचा दारूडा भाऊ, सगळं त्यांना पाठ. 'ते वर्ध्याची कुसुम, तिचं काय झालं व?' असं त्या विचारायच्या, आणि छाया सांगायची की जमलं आई, मास्तर मिळाला, औंदा मुलगाही झाला. मग आई दिवसभर खुशीत असायच्या. असली सून कोण सासू हातची जाऊ देईल?

"आई, तू बोल ना काही," मोरेश्वर म्हणाला.

"जेवू दे लोकाइले," आई म्हणाल्या.

सुरेश खाली मान घालून जेवत होता. त्याची अवस्था सगळ्यांत अवघड होती. बायकोला त्यानंच दोन वर्षांपूर्वी सांगितलं होतं, भर अर्ज, मी आहे. तेव्हा नेमणूक येईल असं त्याला कुठे वाटलं होतं! सौंसरला त्याची खोली होती, खाणावळ होती, संध्याकाळी पत्त्यांचा अड्डा होता. बायको-पोरगी तिथे आली म्हणजे त्यातलं काय उरणार, याचा हिशेब त्यानं मनातल्या मनात केला होता आणि तो काही फायद्याचा निघाला नव्हता. शिवाय भाऊचा शब्द. बायकोचा रोष आणि भाऊचा रोष यांत भाऊचा रोष मोठा, एवढं त्याला लहानपणापासून माहीत होतं.

"माह्यं काही म्हननं नाही," तो ताटाकडे बघत म्हणाला. "तुही मर्जी. जाऊच नको असं मी म्हनत नाही. फक्त आता टाइमच नाही उरला, म्हनून सांगतो. उद्या हजर होनं म्हनजे धावपळ. सामान नाही, बेबीच्या शाळेचा दाखला नाही. थोडे दिवस हाती असते तर गोष्ट अलग होती."

छाया वाढत होती. तिनं वरणाची वाटी खाली ठेवली.

"थोडे दिवस होते," ती म्हणाली. "बारा होते."

सुरेशचा घास हातातच राहिला.

"मी आठ वर्षं टपाल उघडून राहिली. लिफाफा हातात आला की आधी शिक्का पाहते, मग नाव. त्याच्यावर सौंसर पोस्टाचा शिक्का आहे बारा दिवसांआधीचा. लिफाफा बारा दिवस तुमच्या खोलीत होता. बरोबर आहे का नाही?"

"ते असं झालं का..."

"थोडंच उरलं आहे म्हणून कळवलं," छाया म्हणाली. "हे तर तिसरं पत्र. शब्द तरी बदलायचे."

सुरेशनं मोठ्या भावाकडे पाहिलं. दुसरं कुणाकडे पाहणार? "भाऊ म्हनला, जरा थांब. जत्रेच्या आधीची डब्याइची गर्दी निघून जाऊ दे म्हनला."

सगळ्यांच्या माना मोरेश्वरकडे वळल्या. तो गोरामोरा झाला, पण बसल्या जागी ताठ होऊन बायकोला म्हणाला, "सरला, तिले सांग का घराच्या भल्यासाठी..."

छाया त्याच्यापासून चार हातांवर उभी होती.

"मी कोनाले काहीच सांगत नाही!" सरलानं पळी परातीत आपटली. "तुमाले तोंड हाये, तिले कान हायेत. आठ वर्षं झाले मी तुमच्या चिठ्ठ्या वाहून राहिली. बारा दिवसांपासून तुमाले माहीत होतं? दोघाइलेही? आन मी काल रातभर इचार करून राहिली का एका दिवसात हे सगळं मी कसं उरकू! मले आधी सांगितलं असतं तं मी तयारी नसती केली?"

"तू मधात नको बोलू."

"मी मधातच हावो. साली कोन वाळवते? कोन कुटते? माह्या उशीले संत्र्याचा वास येते. मले समजवायले कोनी आनली का कधी साडी?" आणि एवढी बडबडी सरला एकदम रडायला लागली. छायानं जायला नको असं सकाळपर्यंत तिचं मत होतं. ते आता उरलं नाही. "जाय व तू छाया. मी पाहीन माह्यं. मी नाही करत कोनाचं दोन टाइम. एक टाइम करीन."

वंदना मघापासून फुगून बसली होती. ती आता भावांवर घसरली. "मले म्हनत होता कालच ऑर्डर आली. मले खोटं सांगून साडी आनाले लावली भाऊ तुनं?"

तिघी एका बाजूला गेल्या हे मोरेश्वरला दिसलं. सुरेश कुठल्याच बाजूला नव्हता, तो ताकाच्या वाटीत बोट बुडवून बसला होता. आता चिठ्ठी लिहायला वेळ नव्हता आणि न्यायला माणूस नव्हतं. मोरेश्वर ताटावरून उठला, भिंतीकडे तोंड केलं, पुन्हा वळला, आणि आयुष्यात पहिल्यांदा तिच्याशी बोलला.

"छाया, जाऊ नको."

छायाचा हात आपोआप पदराकडे गेला. आईंनी मान वर केली.

"मले पत्र लिहिता येत नाही," मोरेश्वर म्हणाला. त्याचा आवाज नेहमीचा नव्हता. "मी कालपासून लिहून पाह्यलं. येत नाही. तू गेली तं टपाल तसंच पडून राहीन. हे घर तुह्या पत्रावर चालते. मी हे कधी बोललो नाही, पन मले माहीत हाये."

आठ वर्षांत या माणसानं म्हटलेलं हे पहिलं खरं वाक्य होतं. त्या पत्राचा छायाला राग आला होता. याचा येईना.

"भाऊजी," तीही सरळ त्याच्याशीच बोलली, "तुम्ही सरळ विचारलं म्हणून सरळ सांगते. मी राहत नाही."

"काहून? उटन्यात खोट हाये का? साल आपली, हळद आपली. कोनाचं तोंड भाजलं का आजपर्यंत? कोनाचा पैसा आपन खाल्ला?"

"उटणं चांगलंच आहे."

"मंग? कोनावर जबरदस्ती केली आपन? प्रत्येक पत्रात लिहितो, घ्यायलेच पाह्यजे असं नाही!"

"जबरदस्ती केली असती तर पोरगी नाही म्हणाली असती," छाया म्हणाली.

"कोन पोरगी?" आईंनी विचारलं.

कालपासून आईंचं हे पहिलंच विचारणं. छायाला वाटलं होतं की हे सांगावं लागणार नाही. नोकरी लागली, नोकरीवर गेले, एवढ्यावर भागेल. तिनं भिंतीला पाठ टेकली.

"मंगला. मुलताईकडची."

"ते शेळ्यावाली? जिच्या पांढऱ्या शेळीले दोन पिल्लं झाले होते?"

"तीच."

"तिचं पत्र आलं व्हतं? मले नाही वाचून दाखवलं तुनं."

"नाही दाखवलं, आई. लाज वाटली." छाया थांबली, आणि मग पाठच असल्यामुळे तिनं ते पत्र तोंडानंच सांगितलं. "ताई, एक वर्ष न चुकता उटणं लावलं. तीन स्थळं येऊन गेली, आता चौथ्यानंही नाही म्हटलं. तुम्ही लिहिलं होतं धीर सोडू नको, म्हणून मी सोडला नाही. बाबा म्हणतात आता पुरे. अजून किती डबे लागतील तेवढं कळवा, म्हणजे मला बाबांना नक्की सांगता येईल."

वंदनानं डोळ्यांना पदर लावला.

"तुनं काय लिहिलं?" आईंनी विचारलं.

"मी लिहिलं, तुझ्यासाठी दोन डबे बाजूला काढून ठेवले आहेत. घ्यायलाच हवं असं नाही." छायाला स्वतःचाच आवाज ऐकवेना. "मला कोणी सांगितलं नव्हतं असं लिहायले. भाऊजींची चिठ्ठीसुद्धा नव्हती. हात चालतच होता, चालून गेला. दोन्ही डबे सोडवले तिनं. पैसे आले त्या दिवशी मी शाळेचा अर्ज भरला."

मोरेश्वर काहीतरी म्हणणार होता, पण आईंनी हात वर केला. त्यांना धंद्याचं ऐकायचं नव्हतं. त्यांना पोरीचं ऐकायचं होतं.

"मंग जमलं का तिचं?"

"माहीत नाही, आई."

"माहीत नाही कसं? नंतर काही लिहिलं असन ना तिनं."

"तिचं आलं नाही, आणि आपण कधी विचारत नाही. डबा सोडवला की आपण त्या माणसाचं कार्ड फाडून टाकतो. ज्यानं घेतलं त्याले आपण स्वतःहून पत्र लिहीत नाही. कोणालेच नाही लिहीत."

आईंनी यावर बराच वेळ विचार केला. त्यांच्या कपाळावरच्या रेघा एकेक करून जवळ आल्या. वाढलेला भात तसाच गार होत होता.

"मंग ते वर्ध्याची कुसुम?" त्यांनी हळूच विचारलं. "तिले मास्तर मिळाला, मुलगा झाला, तू सांगत होती. ते कसं समजलं तुले?"

छायानं त्यांच्या गार भातावर वरण वाढलं.

"आन ते आर्वीची? जिची सासू चांगली निघाली?"

"मी बनवून सांगत होती, आई," छाया म्हणाली. "तुम्ही विचारायच्या. मला वाटायचं, तुम्हाले बरं वाटीन."

"सगळ्याच पोरींचं?"

"सगळ्याच."

पुष्पाबाईंनी ताट पुढे सरकवलं. सरला त्यांना उठवायला धावली, पण त्यांनी तिचा हात बाजूला केला आणि भिंतीला धरून स्वतःच उभ्या राहिल्या. मोरेश्वर आशेनं आईच्या तोंडाकडे बघत होता. छायाही बघत होती, आणि तिला कसलीच आशा नव्हती.

"जाय तू," आई म्हणाल्या. "तीनची नको पाहू, एकची गाडी असन तं तिनंच जाय. इथं बसली तं अजून काही सांगशीन मले, आन ते मले खरंच वाटीन."